पहाटेचा तो आवाज

नाशिक

चि. छोटीस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मागे कुणीतरी खर्जात, संथपणे काही म्हणत होतं. ते कोण, असं तू विचारलंस. दोन वाक्यांत उरकण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले.

तो आवाज सत्यनारायण गोएंका यांचा. आम्ही साधक त्यांना गुरुजी म्हणतो. घराणं मारवाडी व्यापाऱ्यांचं, जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. ऐन तरुणपणी उद्योगात नाव झालं आणि अर्धशिशीही जडली, इतकी की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. रंगूनचे ऊ बा खिन सरकारी नोकरीत महालेखापाल होते आणि विपश्यना ही ध्यानपद्धती शिकवत. १९५५ मध्ये गुरुजी त्यांच्याकडे गेले, तर डोकेदुखी थांबावी एवढ्यासाठी ही विद्या नाही, असं ऊ बा खिन यांनी स्पष्ट सांगितलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. दुखण्यापायी आलेल्या माणसाला त्यांनी दुखण्यापलीकडचं मागायला लावलं.

१९६९ मध्ये आईच्या आजारपणामुळे गुरुजी भारतात आले. त्याच जुलैत मुंबईत त्यांचं इथलं पहिलं शिबिर झालं, आणि त्यात बसलेल्या मोजक्या लोकांत त्यांचे आईवडीलही होते. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ चं. पुढे शिबिरं इतकी वाढली की एका माणसाने सगळीकडे पोहोचणं शक्य नव्हतं. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सहायक आचार्य नेमले. सूचना आणि रात्रीचं प्रवचन गुरुजींच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं. आचार्यांनी ते लावायचं, सोबत बसायचं, साधकांच्या शंका सोडवायच्या. गुरुजी २०१३ मध्ये गेले, पण शिबिरं त्याच आवाजावर चालू आहेत.

तुझी आई कॉलेजात होती तेव्हा मी धम्मगिरीला दहा दिवस बसले होते. पहाटे चारला घंटा, पूर्ण मौन, आणि पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. तोही मुद्दाम लांब किंवा खोल करायचा नाही. आपला आपण येतो-जातो तसा, नाकाच्या दाराशी जाणायचा. त्याला आनापान म्हणतात. मग पुढे सगळ्या अंगावरून लक्ष फिरवत संवेदना पाहायच्या, सुखद असो वा दुःखद, प्रतिक्रिया न देता.

माझी अडचण वेगळीच होती. आपल्या घरात तिन्हीसांजेला हरिपाठ. आजीच्या ओठांवर सतत नाम. त्यामुळे श्वास पाहायला लागले की रामकृष्णहरी आपोआप सुरू व्हायचं. गुरुजींचं म्हणणं असं की श्वासाला नाम जोडू नका, रूप जोडू नका, मोजूही नका. नामाने मन लवकर एकाग्र होतं हे ते मान्य करत, पण मग निखळ श्वास बाजूला राहतो. मला ते जड गेलं. रडूही आलं. आजीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिथे त्यांचं ऐक, घरी माझं ऐक." मला आजही ते योग्य वाटतं.

घरी आल्यावर काही वर्षं बैठक टिकली. मग तुझ्या काकांच्या बदल्या, सासूबाईंचं अंथरुणाला खिळणं, माझी शाळा. बैठक गेली ती गेलीच. आजी गेल्यानंतर मात्र पहाटे जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. तेव्हा शिबिरातल्या एका जुन्या मैत्रिणीने सांगितलं की तासाभराच्या बैठकीची तीच ध्वनिफीत आता जुन्या साधकांना फोनवर, विपश्यनेच्या अॅपवर मिळते.

लावली. आवाज आला आणि पाठ आपसूक ताठ झाली. गुडघे काही पूर्वीचे नाहीत, आता खुर्चीत बसते. पण इतकी वर्षं कुठे होतीस, असं त्या आवाजात कुठेच नाही. मन भरकटलं तर पुन्हा सुरुवात करा, एवढंच तो दर वेळी सांगतो, पहिल्या दिवशी आलेल्यालाही आणि माझ्यासारखीलाही.

तुझ्या फोनवरच्या त्या ध्यानाच्या अॅपमध्ये लाटा, बासरी, हिरवं रान डोळ्यांपुढे आणा वगैरे असतं. इथे संगीत नाही, कल्पनाचित्र नाही. आरंभी थोडं पठण, मोजक्या सूचना, आणि मग बराच वेळ नुसती शांतता. सुरुवातीला मी आवाज पुन्हा कधी येतो याची वाट पाहायची. आता त्या शांततेसाठीच बसते. अधूनमधून एखादी सूचना येते, तेवढ्या आधारावर पुढची वाट आपली आपण चालायची. हात धरणारा आणि वेळेवर हात सोडणारा गुरू फार थोड्यांना मिळतो.

तुला झोप लागत नाही असं तुझी आई म्हणाली. पूर्ण विपश्यना ध्वनिफीत ऐकून शिकू नकोस, ती शिबिरातच शिकायची असते आणि हा नियम मला पटतो. आनापान मात्र कुणालाही करता येतं. दहा मिनिटांची ध्वनिफीत विपश्यनेच्या त्याच अॅपवर सगळ्यांसाठी खुली आहे. झोप यावी म्हणून लावू नकोस, नुसती बस. आणि मन फारच खचलेलं असेल तर आधी डॉक्टरांना भेट. शिबिराच्या अर्जातही हे सगळं विचारतात, तिथे काही लपवायचं नसतं.

जर्मनीत, सॅक्सनीतल्या ट्रिबेल नावाच्या गावी विपश्यनेचं केंद्र आहे, तुझ्या लाइपझिगहून फार दूर नाही. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण झाल्यावर मनात आलं तर दान द्यायचं. पण त्याची घाई नको. डिसेंबरात येशील तेव्हा आपण मुंबईला गोराईचा विपश्यना पॅगोडा पाहायला जाऊ. तिथे नवख्यांनाही आनापान शिकवतात. खाडी बोटीने ओलांडायची, तुला आवडेल. तिकीट काढलंस की तारखा कळव.

तुझी,
मावशी