अविनाशी पत्त्याचे मरण

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत खरेदीखते, गहाणखते आणि बक्षीसपत्रे तपासण्यात माझे सारे सेवाजीवन गेले. परंतु शब्दाची व्याप्ती ठरविणे किती नाजूक काम आहे, याचा पुनःप्रत्यय मला गेल्या हिवाळ्यात सिअ‍ॅटलजवळ मुलाच्या घरी मुक्कामास असताना, माझ्या बारा वर्षांच्या नातवाच्या पत्त्यांनी आणून दिला. तो खेळतो तो ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला व १९९३ साली तो प्रसिद्ध झाला, त्याच्या नियमांचा दस्तऐवज आज दोनशेहून अधिक पृष्ठांचा आहे.

एका रविवारी दुपारी नातू डोळे पुसत माझ्यापाशी आला. आठ मॅना, म्हणजे पत्ता मांडण्यासाठी लागणारी जादूची शक्ती, खर्चून त्याने ‘अ‍ॅव्हासिन’ हा देवदूताचा पत्ता मांडला होता, तो ‘इनडिस्ट्रक्टिबल’, म्हणजे नष्ट न होणारा, आणि त्याला चढविलेल्या जादूच्या बुटांमुळे ‘हेक्सप्रूफ’ही, म्हणजे प्रतिपक्षाला लक्ष्य करता न येणारा, असे असूनही शेजारच्या मित्राने अवघ्या दोन मॅनांचा ‘डायबॉलिक एडिक्ट’ टाकताच तो देवदूत ‘स्मशाना’त, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगाऱ्यात, जाऊन पडला होता.

“आजोबा, याला कुणी मारूच शकत नाही, मग हा मेला कसा?”

मी दोन्ही पत्ते मागवून घेतले आणि दस्त वाचावा तसे शब्दाशब्दाने वाचले. एडिक्टचा हुकूम असा, की लक्ष्य केलेल्या खेळाडूने आपला एक प्राणी (या खेळात देवदूतही प्राणीच) अर्पण करावा. म्हणजे ‘टार्गेट’ हे विशेषण खेळाडूला लागले आहे, प्राण्याला नव्हे, आणि बुटांचे कवच प्राण्यापुरतेच असल्याने ते येथे निरुपयोगी ठरते. उरला प्रश्न अविनाशित्वाचा. या खेळात ‘डिस्ट्रॉय’ ही एक विशिष्ट क्रिया आहे: एखाद्या पत्त्याने तो शब्द स्पष्टपणे वापरला, किंवा प्राण्याला प्राणघातक इजा झाली, तरच ती घडते. ‘सॅक्रिफाइस’मध्ये, म्हणजे अर्पणात, मात्र ज्याच्या ताब्यात प्राणी आहे तो स्वतःच त्याला उचलून स्मशानात ठेवतो, तेथे नाश करणारा कोणी नसतोच. त्याचप्रमाणे प्राण्याची सहनशक्ती शून्यावर आणली, तरी तो नष्ट न होताच स्मशानात जातो. ‘डाइज’ हा शब्द २०११पासून पत्त्यांवर रुळला, तो या सर्व प्रकारांना सारखाच लागू आहे, कारण त्याचा अर्थ प्राणी रणभूमीवरून स्मशानात गेला, इतकाच. अविनाशी प्राणी मरू शकतो, हे वाक्य मी दोनदा मनाशी म्हटले तेव्हा कोठे ते मला पटले.

याहून अधिक आनंद मला ‘ओनर’ आणि ‘कंट्रोलर’ या भेदाने दिला. प्रतिपक्षाने तुमचा पत्ता आपल्या ताब्यात घेतला, तर अर्पण करण्याचा अधिकार त्याच्याकडे जातो, पण पत्ता पडतो तो मूळ मालकाच्याच स्मशानात. मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची असलेली कित्येक प्रकरणे मी हाताळली. परंतु तो भेद इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच पाहिला. सर्वसाधारण नियम आणि पत्त्यावरील मजकूर यांत विरोध आला, तर पत्ता श्रेष्ठ, हे कलम तर आपल्या वैयाकरणांच्या उत्सर्ग-अपवादाचेच रूप आहे. एवढी काळजी ज्यांनी शब्दांची घेतली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

नातवाने सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “अर्पण कोणता प्राणी करायचा, हे कोण ठरवतं?”

“बाळ, ज्याला हुकूम झाला तोच.”

पुढच्या रविवारी अ‍ॅव्हासिन मांडण्यापूर्वी त्याने एक बळ व एक सहनशक्ती असलेला सैनिकाचे टोकन, म्हणजे पत्त्याऐवजी वापरायची खूण, शेजारी ठेवले. मित्राने एडिक्ट टाकला. नातवाने शांतपणे तो सैनिक उचलून बाजूला केला, आणि देवदूत जागच्या जागी उभा राहिला.