रिकामं काडतूस

काडतूस एकदा उडालं की संपलं, असं आपल्याला वाटतं. खरं तर दारू जळते, गोळी निघून जाते, बुडातली टोपी ठेचली जाते.. पण पितळी नळकांडं शाबूत राहतं. आणि बऱ्याचदा सगळ्यात महाग भाग तोच असतो.

माझा एक मित्र, मूळचा राहुरीकडचा, सध्या टेक्सासात असतो. आठवडाभर डेटाबेस सांभाळतो आणि शनिवारी गॅरेजमध्ये बसून रिकामी काडतुसं पुन्हा भरतो. तिकडे याला रीलोडिंग म्हणतात. स्वतःपुरतं करायचं तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही. मी म्हटलं, पैसे वाचत असतील. तो हसला, "कसले वाचतात रे, जास्त गोळ्या उडवल्या जातात इतकंच!"

मग त्याने व्हिडिओ कॉलवर त्याची वही दाखवली. कुठली काडतुसं कधी घेतली, किती वेळा उडवली, कधी तपासली, सगळं तारीखवार. हे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. दर बाराला ते फुगतं, थोडं आकसतं, आणि हळूहळू कडक होत जातं. कडक झालं की तडकतं. दारू चुकून दुप्पट पडली तर बंदूकच फुटू शकते. म्हणून ज्या नळकांड्याची नोंद नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी तो भरत नाही. लॉग नसलेला कोड प्रॉडक्शनला पाठवायचा नाही, तसंच हे :)

आता हे वाचून कुणाचे हात शिवशिवत असतील तर थांबा. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. त्यात 'दारूगोळा' या शब्दात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. विनापरवाना बनवलं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्यामुळे आपला परवानाधारक शेतकरी मुकाट्याने दुकानातून खडकीच्या कारखान्यातलं 'शक्तिमान एक्सप्रेस' घेतो.

पण आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) उडालेल्या दारूगोळ्याला दुसरा जन्म मिळतो, तो वेगळ्याच वाटेने. नगर, पारनेर आणि राहुरी या तालुक्यांत लष्कराची के. के. रेंज पसरली आहे. रणगाड्यांचा आणि तोफांचा सराव तिथे चालतो. सराव थांबला की आजूबाजूची काही माणसं चोरून आत शिरतात आणि धातूचे तुकडे वेचतात. लोखंड, तांबं, पितळ.. प्रत्येकाचा किलोचा भाव ठरलेला. ज्याच्या शेतात पाणी नाही आणि हाताला काम नाही, त्याला हा रोजगारच वाटतो.

इथे वही नसते. पडलेला गोळा फुटून रिकामा झालाय की न फुटता तसाच राहिलाय, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. तांबं काढायला कुणी त्यावर हातोडा घालतो, आणि मग नगरच्या पेपरात बातमी येते. गोळा भंगाराच्या दुकानापर्यंत पोचला तर वेचणाऱ्याच्या जागी दुसराच कुणी जातो.

मित्राला हे सांगायची गरजच नव्हती. त्याच्या आजोळी अशाच एका लोखंडी तुकड्याची दाराला टेकण होती. म्हणाला, "तो कुठून आला, कशाचा होता, कुणी कधी विचारलंच नाही. मी वही ठेवतो ती त्यामुळेच असेल कदाचित."

धातू तोच, धोकाही तोच. मित्राला हातातली वस्तू काय आहे ते माहीत असतं आणि नको वाटली तर फेकून देणं परवडतं. रेंजवरच्या माणसाला यातलं काहीच नाही. 'आत जाऊ नका' अशी पाटी हवीच, पण पाटीने चूल पेटत नाही. पर्यायी रोजगार मिळाल्याशिवाय हे थांबेल असं मला वाटत नाही.

असो. त्या भागात भटकायला गेलात आणि असं काही पडलेलं दिसलं, तर फोटोसाठीसुद्धा जवळ जाऊ नका. लांब व्हा आणि ११२ला फोन करा.