गप्प बसणाऱ्यांसाठी टायमर

चॅट सर्व्हरचा बहुतेक जन्म वाट पाहण्यात जातो. मालवणात बसून मी ज्याची डागडुजी करतोय, तो जुन्या वळणाचा आयआरसी सर्व्हर. आयआरसी १९८८ सालचं, फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने लिहिलेलं. माझ्या सर्व्हरच्या मुख्य लूपचं काम एकच: सिलेक्ट या सिस्टिम कॉलला सगळ्या सॉकेटांची यादी द्यायची, कुणाकडे काही आलंय का विचारायचं, उत्तर आलं की यादी पुन्हा चाळायची. गर्दी वाढली की सगळा वेळ विचारण्यातच जातो. १०२४ सॉकेटांना तर बहुधा दारच बंद.

कोळंबच्या खाडीवर एक काका गरवायला बसतात. दोऱ्या सोडलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. दर घटकेला गरी वर काढून बघताना मी त्यांना पाहिलेलं नाही. "मासो लागलो की बोट सांगता," म्हणाले. लिनक्समध्ये २००२ साली आलेला ईपोल असाच बसतो. सॉकेट एकदा नोंदवलं की ओढ बसेल तेवढंच हाताला कळतं.

त्यावरची लिबेव्ह ही लायब्ररी बसवताना पेच येतो तो मालकीचा. सर्व्हरला स्वतःचा लूप आहे आणि लायब्ररीही म्हणते, मला चालवा. जुन्या लूपच्या प्रत्येक फेरीत तिला न थांबता डोकावू देता येतं, पण मग झोपायचं कुणी? प्रोसेसर नुसता तापतो. माझ्या मते लूप सरळ तिच्या हाती द्यावा.

तसा दिला की जुन्याची किंमत कळते. तो दर सेकंदाला उगाच जागा व्हायचा खरा, पण जाता जाता कोण कधीपासून गप्प आहे, कुणाला पिंग पाठवायचा, कुणाला काढायचं, तेही बघायचा. नवा हाकेशिवाय उठत नाही. आणि इथे पावसात लाइट गेली, राउटर विझला, की माणूस निरोप न घेताच जातो. टीसीपीला पत्ता लागत नाही. त्याचं नाव खोलीत तसंच राहतं. परत आल्यावर त्यालाच ऐकावं लागतं, हे नाव वापरात आहे. आयआरसीवाले याला घोस्ट म्हणतात. कोकणात भुतांची वानवा नव्हतीच.

म्हणून गप्प बसण्यालाच टायमर लावायचा आणि कुणी बोललं की तो पुढे ढकलायचा. मुदत संपली, तरी त्या माणसाला तिथल्या तिथे पुसायचं नाही. खोलीभर निरोप वाटत असताना यादीतला माणूस मधेच नाहीसा झाला, तर सर्व्हरच कोसळतो. त्याला मेलेल्यांच्या यादीत टाकायचं आणि लूप पुन्हा झोपण्याआधी, लिबेव्हच्या प्रीपेअर वॉचरमध्ये, एकदम साफसफाई करायची.

मुदत किती, यावर वाद आहे. मी दोन मिनिटं ठेवली आहे. पुण्याचा सहकारी म्हणतो, तीस सेकंद पुरेत. त्याने एक जुलै इथे काढावा.