पुस्तकांवरचे प्लास्टिक

'गावगाडा' शिकवताना बलुतेदारांच्या यादीत सुतार येतो आणि आम्ही तो फळ्यावर लिहितो. त्रिंबक नारायण आत्रे यांचे हे पुस्तक १९१५चे. सुताराने नांगराची, गाडीची निगा राखायची आणि सुगीत धान्याचा वाटा घ्यायचा, हा व्यवहार आम्ही दोघे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना समजावून देत आलो. त्या सुताराच्या श्वासाचा विचार मात्र कधी मनात आला नव्हता.

तो आला आमच्याच घरात. सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात पुस्तकांसाठी भिंतभर कपाट करायचे ठरले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून एमडीएफचे तक्ते आणि थोडे सागवान आले. बाहेरच्या खोलीत यंत्राची करवत आणि सॅण्डर सुरू झाले. आम्ही तत्परतेने पुस्तके प्लास्टिकने झाकली, शेजाऱ्यांकडे भुसा जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या आणि आतल्या खोलीत पेपर तपासत बसलो. चौथ्या दिवशी चहा द्यायला गेलो, तर मिस्त्री नाकाला रुमाल बांधून खोकत होते. पापण्याही पांढुरक्या झालेल्या. "सवय आहे, सर," ते म्हणाले. खिडकी उघडायला हात गेला तेव्हा उमगले, की ती आम्हीच लावली होती.

त्या रात्री थोडे वाचले. इंग्लंडातले हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध गाव. त्या परिसरातल्या फर्निचर-कामगारांत नाकाचा एक विरळा कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळतो, हे एस्मे हॅडफिल्ड या शल्यविशारद बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातली. जमिनीवर साचणाऱ्या जाड भुशापेक्षा, सॅण्डरमधून उडून हवेत तरंगत राहणारी, डोळ्यांना न दिसणारी धूळ अधिक घातक. एमडीएफ चिकटवलेले असते ते बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त राळेने, त्याचीही भर पडते. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने धूळ उगमापाशीच खेचून घेण्याची अट घातली होती. पण यंत्रावर दहापेक्षा कमी माणसे असलेली जागा साधारणतः 'कारखाना' ठरत नसे. आमची बाहेरची खोली कुठल्या व्याख्येत बसणार होती?

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघडल्या. घरातला व्हॅक्यूम क्लीनर सॅण्डरच्या नळीला जोडला, कोरोनाकाळात उरलेले एन-९५ मास्क काढून दिले, झाडूऐवजी ओले फडके घेतले. मिस्त्रींनी मास्क लावला, तासाभराने गळ्यात उतरवला. "ह्यात दम लागतो, मॅडम." कंत्राट ठरावीक रकमेचे होते, थांबून श्वास घेण्याचे पैसे त्यात धरलेले नव्हते. उरलेले काम आम्ही रोजावर करून घेतले. एवढेच जमले.

कपाट उत्तम झाले. शेवटच्या दिवशी प्लास्टिक काढले, तेव्हा एकाही पुस्तकावर धुळीचा कण नव्हता.