औलीहून उतरताना

फेब्रुवारीच्या अखेरीस औलीचा बर्फ एकाच दिवसात तीन रूपे दाखवितो. सकाळी तो काचेसारखा कठीण असतो. ऊन चढले की जाड रव्यासारखा मोकळा होतो आणि दुपार कलली की स्कीच्या तळाला चिकटू लागतो. आठवडाभराच्या मुक्कामात नवशिक्याला फार तर दोन गोष्टी साधतात. स्कीची टोके आत वळवून वेग आवरणे ही एक, आणि पडल्यावर कोणाच्या आधाराशिवाय उठणे ही दुसरी. यांतील दुसरी अधिक उपयोगाची. निघण्याच्या आदल्या दिवशी जड बूट, स्की आणि काठ्या परत करून साधे जोडे पायांत घातले, की काही पावले उगाचच हलकी पडतात. मुलांना याचे फार हसू येते.

हा शेवटचा दिवस सामान बांधण्यातच घालवू नये. वरच्या टोकापासून तीनएक किलोमीटरांवर गोरसोंचे कुरण आहे. देवदार आणि ओकचे रान संपताच ते एकदम उघडे होते. गढवाली लोक अशा कुरणाला बुग्याल म्हणतात. ७८१६ मीटर उंचीची नंदादेवी औलीच्या उतारांवरूनही दिसते. परंतु येथे, चालून आल्यावर, ती शांतपणे पाहता येते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी मात्र परतीची वेळ आधीच ठरवावी, कारण डोंगराची सावली घड्याळाच्या आधी उतरते. मंडुव्याची भाकरी, राजमा आणि वर चौलाईचा लाडू एवढे सांगितले तर स्वयंपाकी आनंदाने करून देतो. मंडुवा म्हणजे आपल्याकडील नाचणी आणि चौलाई म्हणजे राजगिरा, हे कळले की परका प्रदेश निम्मा ओळखीचा होतो.

औलीचे उतार साधारण २५०० ते ३०५० मीटर उंचीवर आहेत. भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण व स्कीइंग शिकविणारी संस्था येथेच आहे. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतील स्कीच्या शर्यती येथे झाल्या. त्यासाठी कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रेही आणली गेली. परंतु यंत्रालाही पुरेशी थंड हवा लागतेच. २०२३ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. तेव्हा पायाखाली बर्फ मिळाला, हे गृहीत धरण्याजोगे राहिलेले नाही.

खाली उतरताना खरा प्रवास सुरू होतो. औली आणि जोशीमठ यांना जोडणारा सुमारे ४ किलोमीटरांचा रोपवे ही एके काळी या सहलीची शोभा होती. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तो थांबविण्यात आला. मोटारीने वळणावळणांनी उतरताना त्याचे मनोरे झाडीतून दिसतात. जोशीमठ हे १९०० मीटरांच्या आतबाहेर उंचीवरचे गाव. आता त्याला ज्योतिर्मठ असे अधिकृत नाव मिळाले आहे. हिवाळ्यात बद्रीनाथचे दार बंद असते, त्या काळात शंकराचार्यांची गादी येथील नरसिंह मंदिरात असते. त्या जानेवारीत या गावातील आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. भिंती फाटल्या, अंगणे दुभंगली, कुटुंबांना कडाक्याच्या थंडीत घरे सोडावी लागली.

हे अकस्मात घडले असे म्हणता येत नाही. १९७६ मध्ये गढवालचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीने स्पष्ट लिहून ठेवले होते की, जोशीमठ अखंड खडकावर नसून जुन्या दरडीच्या मातीधोंड्यांवर वसले आहे. येथे अवजड बांधकामे टाळावीत, उतारावरील शिळा खणून वा सुरुंगाने काढू नयेत, झाडे राखावीत, असा तिचा सल्ला होता. त्यानंतर गाव वाढत गेले, मजले चढत गेले, रस्त्यांसाठी आणि जलविद्युत प्रकल्पांसाठी डोंगर फोडले गेले. हॉटेले कोणासाठी उभी राहिली, हे बर्फ पाहून परतणाऱ्या प्रवाशाला वेगळे सांगावे लागत नाही.

जोशीमठहून ऋषिकेश सुमारे २५० किलोमीटर. पहाटे निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे, हाच या रस्त्याचा शहाणपणा. पिपळकोटी मागे पडल्यावर, चमोलीच्या थोडे अलीकडे, बिरही नावाचे लहानसे ठिकाण लागते. येथे बिरही गंगा अलकनंदेला मिळते. बहुतेक गाड्या थांबत नाहीत. थांबावे.

१८९३ मध्ये या बिरहीच्या खोऱ्यात, वर गोहना गावाजवळ, डोंगराचा प्रचंड कडा नदीत कोसळला आणि प्रवाह अडून मोठे सरोवर तयार झाले. बांध कधीतरी फुटणार, हे उघड होते. त्या वेळच्या अभियंत्यांनी पाणी केव्हा काठोकाठ येईल याचा हिशेब केला तो पुढच्या वर्षीच्या ऑगस्टचा. मग गोहन्यापासून थेट हरिद्वारपर्यंत तारायंत्राची ओळ टाकण्यात आली. पूर कोठवर चढेल हे दाखविणाऱ्या खुणा काठावर उभारल्या गेल्या, झुलते पूल आधीच उतरवून ठेवले गेले आणि लोकांना उंचावर जाण्यास सांगितले गेले. २५ ऑगस्ट १८९४ च्या मध्यरात्री बांध फुटला. पाण्याने खोरे धुऊन नेले. खालचे श्रीनगर, गढवालच्या राजांची जुनी राजधानी, जवळजवळ नाहीसे झाले. एवढ्या प्रलयात बळी गेले ते एका फकिराच्या कुटुंबातील पाच जणांचे; त्यांना तेथून हलविलेले असतानाही ते परत गेले होते.

तारा टाकण्यास तेव्हा खचितच खर्च आला असेल. काश्मीरच्या नव्हे, गढवालच्या या श्रीनगरात दुपारी गाडी पोहोचते, तेव्हा दिसते ते पुरानंतर आखून वसविलेले गाव. अलकनंदेच्या काठचे आदिनाथांचे दिगंबर जैन मंदिरही त्या पुरात गेले आणि नंतर पुन्हा उभारले गेले. बाजारातून आत वळून तेथे दर्शन घेता येते. बर्फावरून आलेल्या माणसाला येथे, अवघ्या साडेपाचशे मीटरांवर, लोकरीची टोपी काढावीशी वाटते.

पंचप्रयागांपैकी विष्णुप्रयाग जोशीमठच्या वरच्या अंगाला राहतो. उरलेले चार या वाटेवर एकामागून एक येतात: नंदप्रयाग, कर्णप्रयाग, रुद्रप्रयाग आणि शेवटी देवप्रयाग. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा यांचे पाणी काही अंतर शेजारी शेजारी, दोन रंगांनी वाहते, आणि तेथून पुढे नदीचे नाव गंगा होते. घाटाच्या पायऱ्यांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या आहेत, कारण प्रवाहाची ओढ मोठी आहे. प्रवासी साखळी धरून वाकतात, ओंजळभर पाणी घेतात. ते पाणी बर्फाइतकेच थंड असते. वर ऋषिकेशच्या वाटेवर चालकाने गाडी सुरू करून ठेवलेली असते, आणि उजेड अजून तासाभराचा असतो.