आमचा पहिला प्रयत्न

माणसाला स्वतःच्या बळाचा अंदाज सहसा बरोबर येत नाही, हे आम्ही पुस्तकांतून पुष्कळदा वाचले होते. ते पटले मात्र दिल्लीतील एका आंतर-मंत्रालयीन भारोत्तोलन स्पर्धेत, चारचौघांच्या देखत आणि अवघ्या काही मिनिटांत.

बदलीवर दिल्लीस आलो तेव्हा आमचे वय एकतीस होते. कचेरीतील खुर्चीने पाठ धरली होती, म्हणून वसाहतीलगतच्या व्यायामशाळेत जाऊ लागलो. तेथील उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले. गावच्या तालमीत काढलेले जोर आणि देवळापुढचा गोटा एकदा गुडघ्यापर्यंत उचलल्याची आठवण, एवढ्या भांडवलावर आम्ही त्यांच्यापुढे उभे राहिलो आणि कोणते वजन उचलू, असे विचारले. त्यांनी आमच्या हाती एक लाकडी काठी दिली आणि पाच आठवडे ती बदलली नाही.

या विद्येत प्रकार दोनच. स्नॅचमध्ये दांडा एका झेपेत जमिनीवरून डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा आणि मग डोक्यावर. वजन हातांनी वर ओढायचे असते, अशी आमची समजूत होती. काठीने ती मोडली. दांडा उसळतो तो पायांच्या आणि कमरेच्या जोराने, आणि भारी वजन जेमतेम पोटाच्या वर येते. उरलेले अंतर आपणच त्याच्याखाली चपळाईने बसून भरून काढायचे असते. पाठ ताठ, दांडा नडगीशी लगटून, जमिनीवरून उचलताना घाई नाही. घाई करायची ती दांडा गुडघे ओलांडून गेल्यावर. हात तोवर दोरीसारखे नुसते लोंबत राहिले पाहिजेत. ते आधी वाकले की पायांचे बळ फुकट जाते. अंगठा दांड्याभोवती घालून त्यावर बोटे आवळायची. पहिले पंधरा दिवस ही पकड रडू आणते, पुढे तिच्यावाचून चैन पडत नाही.

काठीनंतर २० किलोचा रिकामा दांडा आला, आणि त्याबरोबर वजन टाकायचे शिक्षण. स्नॅचमध्ये दांडा पुढे गेला तर त्याला पुढे लोटून आपण मागे उडी घ्यायची. डोक्यामागे गेला तर सोडून देऊन पुढे निसटायचे. रबरी तबकड्या त्यासाठीच असतात. ज्याला वजन टाकता येत नाही, त्याला भिऊनच उचलावे लागते, असे उस्ताद म्हणत.

रोजच्या सरावात ते आमच्या सर्वोच्च वजनाच्या शेकडा सत्तर-ऐंशीच्या पुढे क्वचितच जाऊ देत. एका दमात दोन-तीन वेळाच उचलायचे आणि चुका होऊ लागल्या की थांबायचे. कारण शरीर चुकलेलेही पाठ करते. शिवाय प्रत्येक दिवसाची नोंद वहीत ठेवायची: वजन, झोप, यश, अपयश. नोंदी ठेवणे हे तर आमचे पोटाचेच काम. ती वही आम्ही दीड वर्ष इमानाने लिहिली. वाचण्याचे मात्र सुचले नाही.

स्पर्धेत प्रत्येक प्रकाराला तीन प्रयत्न मिळतात. पहिले वजन आपणच लिहून द्यायचे. ते चुकले तर पुन्हा तेच किंवा त्याहून जास्त उचलावे लागते. खाली उतरता येत नाही. तिन्ही चुकले तर एकूण वजनच धरले जात नाही. उस्तादांनी स्नॅचसाठी ५८ सांगितले होते. शेजारच्या विभागातील एका पोराने ६५ लिहिलेले आम्ही पाहिले आणि ६८ लिहिले. तेवढे आम्ही उचललेले होते, हे खरे. एकदा.

पहिल्यांदा दांडा पुढे पडला, दुसऱ्यांदा मागे. तिसऱ्या वेळी हात लवकर वाकले आणि आम्ही त्याच्याखाली गेलोच नाही.

संघाच्या तक्त्यात आमच्या नावापुढे शून्य पडले आणि आमच्या कचेरीचे तिसरे स्थान हुकले. आमच्या संघात निवृत्तीला चार महिने राहिलेले एक वडील सहकारी होते. त्यांनी ४५ किलो निर्दोष उचलले होते. सबंध नोकरीत त्यांना एकही चषक मिळाला नव्हता, हे आम्हांला ठाऊक होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हांला चहा आणून दिला, तो घशाखाली उतरला नाही.

त्या रात्री वही उघडली. ६८ किलो आम्ही एका रविवारी, भरपूर झोपून, उचलले होते. त्याआधी आणि नंतर मिळून चार वेळा ते पडले होते. सारे आमच्याच अक्षरात लिहिलेले होते. "पहिले वजन ते लिहावे," उस्ताद नंतर म्हणाले, "जे रात्रभर जागूनही उचलता येईल."

मोठ्यांनाही ही परीक्षा चुकत नाही. २०१६ साली रिओ येथे मीराबाई चानूचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले आणि तिचे एकूण वजन धरले गेले नाही. त्याच मीराबाईने २०२१ साली तोक्यो येथे २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २४८ किलो उचलले. सुवर्ण एका किलोने गेले. कोपर दुखावला असतानाही तो तिसऱ्या प्रयत्नासाठी आला होता. पण त्याच्या पहिल्या प्रयत्नाचे १३५ किलो पदरात होते, म्हणून रौप्य तरी हाती राहिले. तिसऱ्या प्रयत्नात धाडस करता येते, ते पहिला सांभाळलेला असतो म्हणून.

पुढच्या वर्षी आम्ही ५८ लिहिले. मग ६२, मग ६५. तिन्ही वेळा पंचांचे पांढरे दिवे लागले. आमचा क्रमांक सातवा आला. संघाला चषक त्याही वर्षी मिळाला नाही. निवृत्त झालेले आमचे सहकारी पाहायला आले होते. खाली उतरल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "पहिला किती लिहिला होता?"

"अठ्ठावन्न," आम्ही म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला. या वेळी तो आम्ही प्यालो.