कडी लावायची सोय

आमच्या देवरुखात एखाद्याबद्दल ‘ह्याला आता रत्नागिरीला न्यायला हवा’ असं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तिथे मनोरुग्णालय आहे. त्यामुळे छाती धडधडून पहाटे जाग यायला लागली, तरी एसटी पकडून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला मन धजेना. उपचार घरूनच घ्यायचे, एवढं ठरलं. पण व्हिडिओवर, फोनवर की लिहून?

आधी चॅट घेतलं. मी शाळेत मराठी शिकवते, लिहिणं हातचा मळ. शिवाय आवाज नाही, म्हणजे सासूबाईंच्या कानाची भीती नाही. पण ‘सगळं नकोसं झालंय’ असं टाइप करायचं, वाचायचं, खोडायचं आणि ‘हल्ली जरा थकवा असतो’ असं पाठवायचं, हेच होत राहिलं. समुपदेशक बाईंच्या हाती माझी तपासून दुरुस्त केलेली वही पडत होती. उत्तरंही त्याच बेताची यायची: झोप पुरेशी घ्या, फिरायला जा.

एका रात्री राहवेना तेव्हा १४४१६ लावला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीतही. परसात उभी राहून कुजबुजत बोलायला लागले आणि रडूच फुटलं. पलीकडची बाई थांबून राहिली. चॅटवर रडू पोचत नाही, नुसतंच उत्तराला उशीर झालेला दिसतो. औषधं लागतील असं वाटतं, डॉक्टरांना दाखवा, असं तिने सांगितलं.

दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम मार्च २०२० मध्ये आले. त्यांत फोन, व्हिडिओ, मजकूर तिन्ही चालतात. पण काही औषधं पहिल्या भेटीत द्यायची तर डॉक्टरांनी रुग्णाला व्हिडिओवर पाहिलेलं असावं लागतं. आमच्या घरात कडी माडीवरच्या खोलीला आणि रेंज ओटीवर! म्हणून बहिणीकडे चिपळूणला गेले. डॉक्टर पुण्याचे. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, आत्ता कुठे बसलाय, पूर्ण पत्ता सांगा, जवळच्या एका माणसाचा नंबर द्या. मला ते खटकलं. बोलता बोलता काही बरंवाईट झालं तर मदत कुठे पाठवायची, असं त्यांचं म्हणणं. मग हात पुढे ताठ धरायला लावले. बोटांची थरथर पाहून आधी थायरॉइडची तपासणी सांगितली. हे फोनवर त्यांना कसं दिसणार होतं?

व्हिडिओचा एक जाच मात्र आहे. कोपऱ्यातल्या चौकटीत आपलाच चेहरा दिसत राहतो आणि आपण दुःख सांगता सांगता केस सारखे करतो. ती चौकट बंद करता येते, हे भाच्याने दाखवलं.

आता डॉक्टरांची भेट व्हिडिओवर, चिपळूणहून. समुपदेशन मात्र फोनवर, आगरात पोफळींमधून फेऱ्या मारत. समोर चेहरा नसला की मला आईबद्दलचं अवघड ते बोलता येतं. सासूबाईंना वाटतं बहिणीशी बोलतेय. चॅट वेळ ठरवण्यापुरतं. गोळ्या संगमेश्वरहून आणते, कारण इथला औषधवाला चिठ्ठी वाचून ‘कुणासाठी हो?’ असं सगळ्या दुकानासमोर विचारतो.

परवा शाळेतल्या एका बाईंनी एकटं गाठून विचारलं, यातलं चांगलं कुठलं? मी विचारलं, तुमच्या खोलीला आतून कडी आहे का?

“आहे. पण लावली की सगळे दार वाजवतात.”

मग त्यांना समुपदेशनासाठी फोन सुचवला, आणि डॉक्टरांच्या पहिल्या भेटीपुरती शाळेची संगणक खोली. शनिवारी दुपारी ती रिकामी असते. किल्ली माझ्याकडेच आहे.